निळ्या टबातलं घर

मुलाचा ऑफिसातून फोन आला तेव्हा जिजीचे हात कोपरापर्यंत साबणाच्या पाण्यात होते. आबांनी फोन तिच्या कानाला लावून धरला.

"जिजी, निळ्या टबात एक घर ठेवलंय. दातांच्या डॉक्टरांचं आहे. त्याला हात लावू नकोस हं."

जिजीने पाण्यातून हात वर काढला. हातात एक इवलंसं दार होतं. त्या घराचं तेवढंच उरलं होतं. बाकीचं सगळं सकाळीच सुटं होऊन, धुऊन, पुसून, रंगारंगाप्रमाणे भिंतीवरच्या खणांत जाऊन बसलं होतं.

"कसलं घर?"

"अगं, लाल छपराचं. सासऱ्यांना वाढदिवसाला द्यायला त्यांनी वर्षभर खपून बांधलंय. माळ्याची एक खिडकी त्यांना कुठे मिळेना, ती आपण मागवलीय. रविवारी खिडकी लावून परत द्यायचंय. सकाळी टेबलावर जागा नव्हती म्हणून टबात ठेवून आलो. बघितलंस ना?"

"बघितलं," जिजी म्हणाली. यात खोटं काहीच नव्हतं.

"नीट सांभाळ."

"मी काय घर खाणारे का? ठेव फोन."

घरात दुकान होतं ते खेळण्यातल्या ठोकळ्यांचं. एकमेकांत टकटक बसतात ते. मुलगा आणि सून आपापल्या नोकऱ्या सांभाळून सुटीच्या दिवशी ते चालवायचे. ज्यांची पोरं मोठी झाली अशा घरांतून जुने ठोकळे पोत्याने आणायचे आणि ऑनलाइन सुटे विकायचे. कुणाला गाडीचं एक चाक हवं असे, कुणाला शिपायाचं डोकं. सूनबाई फोटो काढायची, मुलगा पाकिटं करायचा. धुण्याचं खातं जिजीकडे आणि पुसण्याचं आबांकडे. नियमही मुलानेच घातलेला: निळ्या टबात जे येईल ते सुटं करायचं, धुवायचं, खणात लावायचं, विचारत बसायचं नाही. जिजीसारखं नियम पाळणारं त्या घरात दुसरं कुणी नव्हतं. नियम तिला आवडलेला असला म्हणजे झालं.

"अगं, मग सांगून टाकायचं की," आबा म्हणाले. "टबात त्यानेच ठेवलं. चूक त्याची."

"आणि ते ऐकून घेईल?"

गेल्याच महिन्यात जिजीने पोलिसांच्या गाड्या कढत पाण्यात बुडवून सगळे स्टिकर घालवले होते. गाड्या अशा लख्ख झाल्या की पोलिसांच्या आहेत हे कुणाला कळेना. त्यानंतर एका गिऱ्हाइकाने ठोकळ्यावर ओरखडा असल्याची तक्रार केली, तर जिजीने मुलाच्या हातातून फोन घेऊन विचारलं, "तुमच्या तोंडावर एकही ओरखडा नाही का? तरी घरच्यांनी ठेवून घेतलंय ना?" त्या दिवशी मुलगा आवाज न चढवता म्हणाला होता, "जिजी, आता आणखी एक गोंधळ झाला की दुकानाचं काम बंद. तू आराम कर."

शिवी दिली असती तर जिजीने ती व्याजासकट परत केली असती. पण आराम या शब्दाची तिला धास्ती होती. तिच्या नणंदेला असाच आराम सांगितला होता. आता ती दिवसभर गॅलरीत बसून रस्त्याने जाणाऱ्यांच्या चपला बघते आणि संध्याकाळी कुणी ऐकणारं मिळालं तर सांगते.

"पुन्हा बांधू," जिजी पदराला हात पुसत म्हणाली. "ठोकळे काय पळून गेलेत? सगळे याच भिंतीत आहेत."

ठोकळे भिंतीत होते हे खरं. पण तिथे त्यांचे आणखी हजारो भाऊबंद होते, आणि घर कसं उभं होतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. जिजीला लाल छप्पर आठवत होतं. आबांना पुढच्या पायऱ्या आठवत होत्या.

"आणि अंगणात कुत्रा होता," आबा म्हणाले.

"कुत्रा नव्हता."

"मग भुंकत काय होतं?"

"ते शेजारचं. खरं. अहो, जरा शुद्धीवर या."

डोळे मिटून, कपाळ चोळून झालं, तरी घर काही दिसेना. तेव्हा जिजीने चपला घातल्या. घर ज्याने बांधलं त्यालाच विचारायचं, पण विचारतोय हे त्याला कळता कामा नये, असा तिचा बेत होता. आबांना तिने औषधांच्या दुकानापाशी उभं केलं आणि स्वतः जिना चढून दातांच्या डॉक्टरांकडे गेली.

या वयात सगळेच्या सगळे दात स्वतःचे, याचा जिजीला फार ताठा होता. त्यामुळे कुठला दात दुखतोय असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तिला पटकन सुचेना. "मागचा," ती म्हणाली. पुढचे सगळ्यांना दिसतात, मागचा कोण बघतंय, असा तिचा हिशेब. "मी ठोकळ्यांच्या दुकानाची. मुलगा सांगत होता, तुम्ही घर काय सुरेख बांधलंय म्हणून."

डॉक्टरांचा चेहरा उजळला. "सांगत होता? बघा ना, आमच्याकडे कुणाला किंमतच नाही. आ करा."

जिजीने आ केला. त्यात आरसा गेला, नळी गेली, डॉक्टरांची दोन बोटं गेली, आणि मग डॉक्टर मोकळेपणाने बोलायला लागले. त्यांना सगळी माणसं अशीच लागत.

"सासऱ्यांचं घर आहे ते. पाण्याच्या टाकीमागचं. त्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलं. वर बाल्कनी आहे, तिची जाळी करताना माझा जीव गेला."

"आ-ई ई उ-ई?" जिजीने विचारलं. बाल्कनी डावी की उजवी, एवढंच तिला हवं होतं.

"दुखलं का? थांबा, एक इंजेक्शन देतो."

"आई, आई," जिजी मान हलवत म्हणाली. याचा अर्थ नाही, नाही असा होता.

"आईची आठवण येते ना? सगळ्यांना येते या खुर्चीत. दात आतून पार पोखरलाय हो तुमचा. बरं झालं वेळेवर आलात. काढूनच टाकू."

अर्ध्या तासाने जिजी जिना उतरली ती एक दात गमावून. तोंडात कापसाचा बोळा, आणि दोन तास एक शब्द बोलायचा नाही अशी ताकीद. आबा तिच्याकडे बघतच राहिले. लग्न झाल्यापासून त्यांनी तिला एवढं गप्प पाहिलं नव्हतं.

"काय म्हणाले?"

जिजीने दोन्ही हात डोक्यावर नेऊन मोठा गोल केला.

"सूर्य?"

तिने गोलाखाली चार पाय दाखवले.

"हत्ती? हत्ती कुठून आला?"

जिजीने कपाळावर हात मारला, आबांचं मनगट धरलं आणि त्यांना ओढत पाण्याच्या टाकीकडे निघाली.

टाकीमागे ते घर होतं. लाल छप्पर, पुढे पायऱ्या, वर उजव्या हाताला बाल्कनी. जिजी समोरच्या फुटपाथवर उभी राहून बोटांवर खिडक्या मोजायला लागली. आबांना तिने कुंपणापाशी पिटाळलं. ते वाकून पायऱ्या बघत असताना दार उघडलं आणि पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ बाहेर आले.

"काय पाहिजे?"

आबांनी वळून जिजीकडे पाहिलं. बोलायची वेळ आली की ते नेहमी तिच्याकडेच बघत. जिजीने गालाकडे बोट दाखवलं.

"हिचा दात काढलाय," आबा म्हणाले.

"मग माझ्या पायऱ्या कशाला बघताय?"

आबांनी पुन्हा मागे पाहिलं. तिकडून काही मदत येणार नव्हती. "तिला जरा टेकायला हवं होतं," ते म्हणाले, आणि स्वतःच्याच हुशारीने चकित झाले.

म्हाताऱ्याला दया आली. त्याने पाणी आणलं, दोघांना पायरीवर बसवलं. जिजीने हाताने भिंतीकडे दाखवून छान अशी खूण केली मात्र, आणि म्हाताऱ्याची कळी खुलली. त्याने त्यांना मागचं अंगण दाखवलं, जिना दाखवला, स्वयंपाकघराची खिडकी पुढे का काढली ते सांगितलं. खालच्या पायरीचा कोपरा उडाला होता. लेक लहानपणी तिथे सायकलवरून पडली म्हणून तो त्याने कधी दुरुस्त केला नव्हता.

"कुणी काढला दात?" त्याने शेवटी विचारलं.

आबांनी डॉक्टरांचं नाव सांगितलं.

"तो माझा जावई. दात काढतो, पण रेघ मारायला सांगा. दहा वर्षांत त्याची एक वस्तू सरळ बघितली नाही मी. भिंतीत खिळा मारला तरी वाकडा."

जिजी हे सगळं ऐकत होती आणि तिला यातलं एकही वाक्य पुढे न्यायची सोय नव्हती. दातापेक्षा ते जास्त ठणकत होतं.

रात्री मुलाने घराची चौकशी केली तेव्हा, खणात नीट ठेवलंय, एवढंच जिजीने सांगितलं. दुसऱ्या दिवशी मुलगा-सून कामावर गेल्यावर दोघं कामाला लागली. जिजी डोळे मिटून सांगायची, आबा खणातून काढून द्यायचे.

"खिडकी पुढे."

"किती पुढे?"

"तुमच्या नाकाएवढी. थांबा, तेवढी नको."

छप्पर तीनदा पडलं. चौथ्यांदा उभं राहिलं. पायरीचा कोपरा जिजीने मुद्दाम एक ठोकळा कमी लावून सोडला. संध्याकाळी घर तयार झालं तेव्हा ती दोन पावलं मागे सरून बघत राहिली. आयुष्यात तिने कितीतरी घरं झाडली-पुसली होती, बांधलं हे पहिलंच.

शनिवारी मुलाने त्याला माळ्याची खिडकी लावली. "कमाल केलीय डॉक्टरांनी," तो म्हणाला.

सूनबाईने घराकडे पाहिलं, मग सासूच्या सुजलेल्या गालाकडे पाहिलं. "ही स्वयंपाकघराची खिडकी पुढे होती का हो, जिजी?"

"तू नीट बघितलं होतंस का?"

"घाईत होते."

"मग."

रविवारी डॉक्टर आले. घर टेबलावर ठेवलं होतं. त्यांनी ते चारी बाजूंनी पाहिलं, वाकून पाहिलं, चष्मा काढून पाहिलं. जिजी दाराशी उभी होती. आबा तिच्या मागे, निम्मे झाकलेले. डॉक्टरांची नजर पायरीच्या कोपऱ्यावर येऊन अडकली. कपाळावर आठी पडली. मग हळूहळू ती गेली.

"बघा," ते मुलाला म्हणाले, "पायरीचा उडालेला कोपरासुद्धा सोडला नाही मी. काही काही गोष्टी आपल्या हातून आपल्याही नकळत होऊन जातात. ही जाळी बघा. हे छप्पर. हाताला देणगीच लागते त्याला."

जिजीने ओठ घट्ट मिटले. छप्पर तीनदा पडलं होतं ते तिच्या अंगावर. तिने आवंढा गिळला, तो दुखऱ्या बाजूने गेला. पण ती बोलली नाही. बोलली की गॅलरी, आणि गॅलरीतून चपला.

"फक्त एकच," डॉक्टर माळ्यावर बोट ठेवत म्हणाले. "ही तुम्ही लावलेली खिडकी. वाकडी बसलीय. घर इतकं सरळ आणि ही एवढी एकच वाकडी. तुम्ही रोज हेच काम करता ना? जरा लक्ष द्यायचं."

"सॉरी हं, डॉक्टर," मुलगा मान खाली घालून म्हणाला. "करतो नीट."

मुलाची ती खाली गेलेली मान जिजीला दिसली. मग जे इतका वेळ गिळून ठेवलं होतं ते एकदम वर आलं.

"खिडकी सरळ आहे," ती म्हणाली. "मागची भिंत वाकडी आहे. भिंत मी लावलीय."

आबा उरलेले निम्मेही जिजीच्या मागे गेले.

"म्हणजे?" डॉक्टर म्हणाले.

"म्हणजे तुमचं घर धुतलं मी. सुटं करून. निळ्या टबात होतं म्हणून. हे नवीन आहे. तुमच्या सासऱ्यांच्या अंगणात जाऊन बघून आले आणि बांधलं. तुम्ही खुर्चीत बसवून नुसती दातकथा सांगत होतात, बाल्कनी कुठल्या हाताला ते शेवटपर्यंत सांगितलं नाहीत."

मुलगा टबाकडे बघायला लागला. टबात घर कुणी ठेवलं ते त्याला हळूहळू आठवत होतं. सूनबाईने तोंडावर ओढणी धरली आणि खोकल्यासारखं काहीतरी केलं.

डॉक्टर आता रागावणार असं वाटत होतं. पण त्यांनी मागे वळून दार लोटलं आणि खुर्ची ओढून जिजीच्या समोर बसले. आवाज एकदम खाली आला.

"माझी बाल्कनी डावीकडे होती, मावशी. आणि छप्पर जरा कलतं होतं. सासरे काय म्हणाले असते ते मला पाठ आहे. हे बघून त्यांना बोलायला जागा राहणार नाही. पण हे कुणी बांधलं ते बाहेर जायला नको."

"बाहेर का जाईल?"

"म्हणजे सांगणार नाही ना?"

"आधी म्हणा, खिडकी सरळ आहे."

डॉक्टरांनी खिडकीकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं. "सरळ आहे," ते म्हणाले.

"त्याच्याकडे बघून."

"खिडकी एकदम सरळ आहे हो."

घर खोक्यात गेलं. डॉक्टर दारापर्यंत गेले आणि परत आले. "मावशी, मला दवाखानाही करून हवाय. खुर्चीसकट, जिन्यासकट. आमच्या मेहुण्यांना दाखवायला. मीच बांधतोय असं त्यांना सांगून ठेवलंय. कधीपर्यंत द्याल?"

जिजीने पदर खोचला आणि मुलाकडे बोट केलं.

"ते मालकांना विचारा. मला आराम सांगितलाय."