कपभर मैद्याचं वजन

"केक बरा जमतो," असं मी लग्नाच्या बोलणीत एकदाच, तेही खाली बघून, म्हणाले होते. सासूबाईंनी ते लक्षात ठेवलं. लग्नाला तीन आठवडे होतात न होतात तोच त्यांनी चार मैत्रिणींना चहाला बोलावलं आणि सांगून टाकलं, केक आमची सून करणार आहे. (मी कमी बोलते. त्यामुळे जे बोलते ते नेमकं अंगाशी येतं.) आता केक बिघडला तर नाक सासूबाईंचं कापलं जाणार होतं, आणि सुरी माझी.

खरी गोष्ट अशी, की मला केक जमतो तो माहेरच्या निळ्या कपाने. दोन कप मैदा, एक कप साखर. कप माहेरीच राहिलेला. आईला फोन करून विचारलं, त्यात मैदा किती बसतो? ती म्हणाली, "कपभर."

मग मोबाईलवर कृती शोधली. तिथे अडीचशे ग्रॅम मैदा, आणि घरात स्वयंपाकाचा काटा नाही. सासूबाई शिंपिणीकडे गेलेल्या. नवरा म्हणाला, सोपं आहे, इथल्या कपात दोनशे ग्रॅम पाणी बसतं, म्हणजे मैदाही दोनशे. मला पटलं नाही, पण नवरा नवा होता, म्हणून मान डोलावली. "अंदाजे चालेल गं," तो म्हणाला. तो शब्द आतल्या खोलीत पोचला आणि सासरे बाहेर आले.

सासरे वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक. चौतीस वर्षं दुकानदारांचे काटे तपासलेले. कप हे माप नव्हे, भांडं आहे, असं सांगून ते माणसांचं वजन करायचा काटा घेऊन आले. त्यावर अडीचशे ग्रॅम दिसेनात. म्हणून असं ठरलं, की त्यांनी मैद्याचा अख्खा डबा घेऊन काट्यावर उभं राहायचं, मग रिकामा डबा घेऊन, फरक तो मैदा. नंतर तोच मैदा कपाकपाने मोजून भागाकार.

मैदा पाच किलो भरला. टेबलावर कागद पसरून मोजला, एकतीस कप. सासरे म्हणाले, खात्री करू. पुन्हा मोजला तर सदतीस.

दोघं माझ्याकडे बघू लागले.

"बाबा, उपसला की मैदा फुगतो," मी हळूच म्हणाले.

"चौतीस वर्षांत माल कमी झालेला पाहिलाय, सूनबाई. वाढलेला नाही."

म्हणून पुन्हा वजन. आता अर्धा किलो कमी. सासऱ्यांच्या चेहऱ्यावर नोकरीतलं तेज आलं. नवरा म्हणाला, चोरी नाही, आपल्याच अंगावर उडालाय. झालं, अंगावरचा मैदा मोजणं आलं. एकेकाने काट्यावर चढायचं आणि सासरे वहीत टिपणार. माझा नंबर आला तेव्हा मी पोट आत घेतलं. (त्याने वजन कमी होत नाही.)

तेवढ्यात सासूबाई आल्या. तीन पांढरी माणसं, त्यांतलं एक काट्यावर. त्यांनी घड्याळ पाहिलं, पदर खोचला, टेबलावरचा मैदा ओंजळीने भांड्यात घेतला, वर साखर ओतली.

"किती घेतलंस?" सासऱ्यांनी विचारलं.

"पुरेल इतकं."

चार वाजता केक असा फुगला होता की मैत्रिणींनी लगेच बशा पुढे केल्या. सासूबाई सहज म्हणाल्या, सगळं हिनेच केलं. मला गहिवरून आलं. पण एका मैत्रिणीने प्रमाण विचारलं. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी बशीकडे.

सासरे वही घेऊन मदतीला आले. मैदा वादग्रस्त, ते वाचू लागले, कप अमान्य. "खात्रीचा आकडा एकच आहे. सूनबाई, त्रेसष्ट किलो, मैद्यासकट."

मैत्रिणीने तोंडातला घास संपवला, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मायेने पाठीवर हात ठेवला.

"केक छान होतो हो तुझा," त्या म्हणाल्या. "पण रोज नको करत जाऊस."