गार पंजातली साखर

एका जंगलात, पोरांनो, आजारी पडायला बंदी नव्हती. फक्त आजाराचा आकडा लागायचा. आकड्याशिवाय पडलात, तर तुम्ही आळशी ठरायचात.

त्या जंगलात अतिदक्षतेची एक गुहा होती. गुहेबाहेर फळा होता. आतल्या रुग्णाच्या रक्तात साखर किती, ते त्यावर लिहीत. भेटायला आलेले प्राणी आत डोकावत नसत. फळा वाचत, मान डोलवत आणि घरी जात. वाटेत कुणी भेटलं, तर "कसा आहे?" असं विचारायची रीत नव्हती. "किती आहे?" असं विचारायचे.

त्या गुहेत रानबा अस्वल पडलं होतं. पायात काटा मोडला, जखम चिघळली, विष अंगभर पसरलं. रक्ताचा दाब घसरला, शुद्ध हरपली. आणि साखर चढली.

"चढणारच," बाहेरचा फळा वाचून कोल्हा म्हणाला. "जन्मभर मध खाल्लाय."

"मध तुम्हीही खाता, भाऊजी," रानबाची बायको ठकूबाई म्हणाली. "आमच्या पोळ्याला तुमचे केस चिकटलेले असतात."

जिवावरच्या दुखण्यात मध न खाणाऱ्याचीही साखर चढते. कोल्ह्याला हे ठाऊक नव्हतं. पण ठाऊक नाही म्हणून गप्प बसायची पद्धत कोल्ह्यांत नाही.

गुहेचे मोठे डॉक्टर होते बगळेसाहेब. पांढरेशुभ्र. एका पायावर उभे राहून ते कागद वाचत. कागदात लिहिलं होतं, पंजाच्या टोकाला टोचावं, थेंब यंत्रात घालावा, साखर जास्त निघाली तर इन्सुलिन वाढवावं. ऐंशी ते एकशेदहाच्या मध्ये आली पाहिजे. कागद वाईट नव्हता. ज्यांनी लिहिला, त्यांच्या रुग्णांचे पंजे बहुधा उबदार असावेत.

साळुंकी सिस्टरनं रानबाच्या पंजाला टोचलं. थेंब येईना. पिळला तेव्हा एक आला.

"दोनशे दहा, साहेब."

"इन्सुलिन वाढवा."

तासाभरानं पुन्हा टोचलं, पुन्हा पिळलं.

"दोनशे पाच."

"हट्टी साखर आहे. आणखी वाढवा."

ठकूबाई नवऱ्याच्या पायाशी बसून होती. नखं निळी पडलेली तिनं पाहिली. कपाळावर दरदरून घाम पाहिला. पंजा हातात घेतला आणि दचकली.

"साहेब, ह्यांचा पंजा नदीतल्या धोंड्यासारखा गार लागतोय."

"बाई, आम्ही साखर बघतोय. पंजाच्या गारठ्याचं कागदात काही नाही."

"पण टोचता तिथंच ना? रक्त तिथवर धड पोचतच नाहीये. ओढा आटल्यावर शेवटच्या डबक्यात वाकून वरच्या पाण्याची खबर कळते का?"

"तुमचं शिक्षण किती झालंय?"

"डबक्यातलं पाणी न पिण्याइतकं."

तेवढ्यात रानबाचं अंग ताठलं. हातपाय झटके देऊ लागले. डोळे फिरले.

"सिस्टर, आकडा?" बगळेसाहेबांनी विचारलं.

"एकशे नव्वद."

"बघा, सुधारणा आहे."

ठकूबाई उठली. इन्सुलिनची नळी तिनं मुठीत आवळली.

"साळुंके, मानेच्या मोठ्या शिरेतलं रक्त घे. तोवर ही नळी मी सोडायची नाही."

साळुंकीनं साहेबांकडे पाहिलं. मग ठकूबाईच्या नखांकडे पाहिलं. नखं जवळ होती. तिनं मानेतलं रक्त घेतलं आणि यंत्रात घातलं.

"अडतीस," ती हळूच म्हणाली.

बगळेसाहेबांनी दुसरा पाय जमिनीवर टेकला. नोकरी लागल्यापासून पहिल्यांदाच. "ग्लुकोज," ते म्हणाले. "शिरेतून. लगेच."

इन्सुलिन थांबलं, ग्लुकोज गेलं. झटके थांबले. थोड्या वेळानं रानबानं एक डोळा उघडला.

"ठके, एवढी गर्दी का जमलीय?"

"तुमची साखर बघायला आलेत. झोपा."

दाब वाढवायची औषधं चालूच होती. तिसऱ्या दिवशी पंजे कोमट झाले. ठकूबाई त्या दिवशी जेवली.

चौथ्या दिवशी चौकशी बसली. कोल्हा अध्यक्ष. कागद तपासला, तो निर्दोष निघाला. यंत्र तपासलं, तेही निर्दोष. बगळेसाहेब तर दिसायलाच निर्दोष. मग दोषी सापडला. रानबाचा पंजा. चुकीच्या वेळी गार पडल्याबद्दल त्याला समज देण्यात आली.

ठकूबाईलाही नोटीस मिळाली. नेमलेली नसताना रुग्णाला हात लावला.

"मग पंजा गार आहे का बघायला तुमच्यातल्या नेमलेल्या कुणी हात लावला होता?" तिनं विचारलं.

चौकशी तिथंच संपली. नवा नियम तेवढा निघाला: यापुढे गंभीर रुग्णांनी पंजे घरून शेकून आणावेत.

तात्पर्य : आजाऱ्याच्या हातापायाला कधी हात लावू नये, पोरांनो. लावला की काहीतरी कळतं. आणि कळलं की चौकशी आपलीच होते.