दार, नग एक

सन एकोणीसशे अठ्ठावन्नच्या जूनमध्ये आमच्या गावच्या आठवी इयत्तेत इंग्रजी भाषा रीतसर सुरू झाली. गाव शिरूर तालुक्यातलं, भीमेकाठचं. सातवीपर्यंतची शाळा मारुतीच्या देवळात भरायची आणि आठवी देवळामागच्या मोकळ्या पटांगणात, चिंचेखाली. मी जालिंदर, शाळा समितीचा चिटणीस. शिक्षण चौथी पास. हे पद मला सरपंच सर्जेरावांनी दिलं होतं आणि त्यांच्या मनात येईल त्या दिवशी ते काढूनही घेतलं असतं. ही गोष्ट मी कधी विसरलो नाही.

इंग्रजी शिकवायला शिरूरच्या मिशनच्या आवारातून नथानिएल साळवे मास्तर आले. गावाला ते नाव झेपेना, म्हणून आठ दिवसांत त्यांचे नथू मास्तर झाले. नेमणूक हंगामी होती. इन्स्पेक्टर साहेबांचा ‘समाधानकारक’ असा शेरा पडला तर कायम, नाही पडला तर दिवाळीपासून घरी. कायम झाल्यावर बायकोला, राहेलबाईंना, आणि दोन मुलींना इकडे आणायचं म्हणून मास्तरांनी माझ्या मळ्याजवळची खोली बघून ठेवली होती. रविवारी शिरूरला जायच्या आधी तिला स्वतःच्या हातानं चुनासुद्धा लावला होता.

माणूस हाडाचा मास्तर. पोरांना विहिरीवर नेऊन पोहरा ओढायला लावायचे आणि ओढता ओढता “आय ॲम ड्रॉइंग वॉटर” म्हणवून घ्यायचे. नकुशी नावाची मुलगी म्हशीची धार काढत असायची आणि सगळी आठवी तिच्याभोवती उभी राहून “शी इज मिल्किंग द बफेलो” असं तिला ओरडून कळवायची. दोन महिन्यांत म्हशीलाही वर्तमानकाळ समजू लागला. गावच्या सहकारी सोसायटीला येणारी इंग्रजी पत्रं मला वाचून घ्यायला शिरूरला न्यावी लागत, म्हणून मीही पाटी घेऊन मागे बसू लागलो. चाळिशीतला विद्यार्थी बघून मास्तर एकदाही हसले नाहीत. मला त्यांचा फार लोभ होता, हे आत्ताच सांगून ठेवतो.

ऑगस्टमध्ये साहेब आले. सोबत नवीन पद्धतीचं परिपत्रक होतं. वस्तू प्रत्यक्ष दाखवून आणि क्रिया प्रत्यक्ष करूनच वाक्य शिकवावे, आणि वाक्यांचा क्रम कोणत्याही परिस्थितीत मोडू नये.

“सातवं वाक्य घ्या,” साहेब म्हणाले. “आय ॲम ओपनिंग द डोअर.”

“साहेब, वर्गाला दार नाही,” मास्तर म्हणाले.

“मग सातवं शिकवलं कसं?”

“नाही शिकवलं.”

“मग आठवं कसं शिकवलं?”

मास्तरांनी आठव्यापासून चाळीसाव्यापर्यंत सगळी वाक्यं पोरांकडून धडाधडा म्हणवून घेतली. साहेबांनी शांतपणे ऐकलं आणि टाचणात लिहिलं, ‘तेहतीस वाक्ये अनियमितपणे येतात.’ शेरा राखून ठेवला. मास्तरांचा चेहरा उतरला. समितीनं त्याच संध्याकाळी दाराची मागणी केली.

सहा पत्रं, दोन स्मरणपत्रं आणि सरपंचांची पुण्याची एक खेप, एवढ्यानंतर ऑक्टोबरात मंजुरी आली. ‘शैक्षणिक साहित्य: दार, सागवानी, नग एक, चौकट व कडीकोयंड्यासह. भिंती शैक्षणिक साहित्यात मोडत नसल्याने नामंजूर.’ त्यानुसार पटांगणाच्या कडेला दोन दगडी ओट्यांमध्ये चौकट उभी केली आणि तिला दार बसवलं. डावीकडे मोकळं रान, उजवीकडे मोकळं रान. उद्घाटनाला सरपंचांनी नारळ फोडला आणि मास्तरांनी पहिल्याच दिवशी सातवं वाक्य बत्तीस वेळा उघडून बत्तीस वेळा लावून घेतलं.

पण दार म्हणजे सरकारी मालमत्ता. वापरात नसताना मालमत्ता कुलूपबंद असावी, असा नियम डेडस्टॉक रजिस्टरच्या पहिल्याच पानावर छापलेला असतो. कुलूप आलं. किल्ली सरपंचांनी स्वतःच्या करदोड्याला बांधली. मग समितीनं ठराव केला की दार असताना वर्गात बाजूनं शिरणं म्हणजे दाराचा अवमान, सबब सर्वांनी दारातूनच यावं-जावं. ठराव मीच लिहिला. तेव्हा तो मला अगदी योग्य वाटला होता. पोरं रांगेनं दारातून येऊ लागली. शेळ्या तेवढ्या बाजूनं यायच्या, पण त्या पटावर नव्हत्या.

दिवाळीच्या आधी चार दिवस साहेब अंतिम शेऱ्यासाठी आले. दाराला कुलूप होतं. सर्जेराव पहाटेच दौंडला गेले होते. तिथं स्टेशनावर कोणी मंत्री गाडी बदलणार होते, त्यांना हार घालायला. हार हातात आणि किल्ली करदोड्याला.

आठवी दाराबाहेर रांगेत उभी राहिली. साहेबांसाठी देवळातून खुर्ची आणून दारासमोर ठेवली. मी त्यांच्या बाजूला उभा राहिलो. पलीकडे फळा दिसत होता. फळ्यावर मास्तरांनी आदल्या दिवशी काढलेली विहीर दिसत होती. अकरा वाजले, साडेअकरा वाजले.

तेवढ्यात साळूबाई शेणाची पाटी घेऊन चौकटीच्या बाजूनं आल्या आणि थबकल्या.

“आरं जालिंदरा, दारात का तटून बसलायसा समदी?”

“कुलूप हाय, मावशे.”

“मंग बाजूनं जावा की. हितं काय भिताड हाय व्हय?”

“ह्या बाई कोण? यांना वर्गातून जायची परवानगी कोणी दिली?” साहेबांनी मला विचारलं. मी साळूबाईंना नावानिशी टिपून घेतलं.

त्यानंतर मास्तर रांगेतून पुढे झाले. म्हणाले, “साहेब, मुलांचा तास फुकट जातोय,” आणि चौकटीला वळसा घालून पलीकडे गेले. पोरांनी माझ्याकडे पाहिलं. मी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी कुलपाकडे पाहिलं. मग नकुशी गेली, तिच्यामागे भिमा गेला आणि बघता बघता आठवी पलीकडे जाऊन बसली.

असा तास मी जन्मात पाहिला नाही. क्रियापदं नुसती अंगणभर पळत होती. पोरं प्रश्न विचारत होती, पोरंच उत्तरं देत होती आणि चुकलं की एकमेकांना सुधारत होती, सगळं इंग्रजीत. एका उत्तराला साहेबांनी नकळत मान डोलावली. मी मनात म्हटलं, झालं, मास्तर कायम झाले. राहेलबाई आल्या.

साहेब माझ्याकडे वळले. “चिटणीस, मी आलो तेव्हा वर्ग उघडा होता की बंद?”

“बंद होता, जी.”

“मग आत्ता जो चाललाय तो काय?”

“तास हाय, साहेब.”

“बंद वर्गात तास घेता येतो?”

“बाजूनं गेल्यात.”

“बाजू मंजूर आहे?”

मंजूर नव्हती. मंजुरीचा कागद माझ्याच कपाटात होता, त्यात फक्त दार होतं.

“वर्ग बंद का होता, हे मी विचारत नाही,” साहेब म्हणाले. “ते विचारलं तर किल्ली कोणाकडे होती हेही लिहावं लागेल. बंद वर्गातल्या तासाला ‘समाधानकारक’ देता येत नाही. वर्ग बंद होता, एवढी साक्ष पुरे. कागद पुण्याला जाणार आहे, इंग्रजीत लिहा.”

किल्ली कुठं आहे हे लिहिलं असतं तर मास्तर वाचले असते. माझं चिटणीसपद त्याच रात्री गेलं असतं. खोटं लिही असं तर कोणी म्हटलंच नव्हतं. मी टाक उचलला आणि आयुष्यातलं पहिलं इंग्रजी वाक्य कोणाला न विचारता लिहून काढलं. ‘द डोअर वॉज क्लोज्ड.’ खाली सही केली. खरं सांगतो, लिहिताना क्षणभर अभिमान वाटला, आणि लाज त्याच्या मागोमाग आली.

कागदावर शिक्षकाचीही सही लागते. साहेबांनी तो मास्तरांना दिला. मास्तरांनी वाचला, माझं अक्षर ओळखलं आणि हातातली लाल पेन्सिल सवयीनं त्या ओळीवरून फिरवली. पेन्सिल कुठंच थांबली नाही.

“एकही चूक नाही, चिटणीस,” ते म्हणाले. त्यांनी सही केली आणि दुपारच्या गाडीनं शिरूरला गेले, ते कायमचेच.

आता तुम्ही मनात मला शिव्या देत असाल, द्या. पण तुम्ही शिकलेली माणसं. कचेरीत, समितीत, सोसायटीत तुम्हीही सह्या करता. त्यातलं चुकीचं वाक्य दाखवा असं मी म्हणत नाही, तसलं तुम्ही लिहीतच नाही. बरोबर लिहिलेलं एक वाक्य तेवढं आठवून बघा, आणि तेव्हा पलीकडे कोण उभं होतं ते सांगा.