प्रश्न शेवटी

"मेलास तरी आवाज करायचा नाही," राखणदाराने मेहुण्याला बजावलं आणि लाकडी बगळा त्याच्या हातात दिला.

बगळा पाणथळाच्या फाटकावरच्या पाटीचा. पहाटे करवतीने कापून काढलेला. त्या वर्षी पाणी होतं, पाण्यात आभाळ होतं, काठाला पाणकणीस डुलत होतं. पाखरू तेवढं नव्हतं. आज येणाऱ्या शाळेच्या बाई 'पुन्हा सहल आणू' म्हणाल्या तर ठीक, नाहीतर पाणथळात भराव आणि राखणदाराला नारळ, असं कार्यालयाने कळवलं होतं.

"दाजी, तिथे चिखल खोल नाही ना?" मेहुणा म्हणाला. उंच, काटकुळा, घरात त्याला लांबूच म्हणत.

"तुला कसला खोल? पाणकणसात बस, बगळा वर धर, मधूनमधून मान हलव."

"माझी की बगळ्याची?"

"बगळ्याची रे बाबा! बहिणीच्या संसाराचा प्रश्न आहे."

बस आली. बाईंची शिस्त कडक. बोलायचं असेल तर हात वर, आणि बाईंनी परवानगी दिल्याशिवाय ओठ उघडायचे नाहीत. मुलं मचाणावर ओळीने उभी राहिली. राखणदाराने स्वतःची दुर्बीणही त्यांनाच दिली.

"तो बघा बगळा!" तो कुजबुजला.

दूर पाणकणसाच्या शेंड्यांवर बगळ्याने मान हलवली. मुलांचे डोळे चमकले, राखणदाराचे जास्त.

थोड्या वेळाने बगळा बुटका झाला.

"मासा दिसला असेल," राखणदार म्हणाला.

बगळा आणखी बुटका झाला.

"लाजाळू जात. अंग चोरतो."

मग बगळा गदागदा हलू लागला.

"पंख वाळवतोय," म्हणून राखणदाराने वेळ मारून नेली आणि मनातल्या मनात लांबूला शिव्या दिल्या. एवढी हौस कुणी सांगितली होती?

दोन वेण्यांच्या मुलीने दुर्बीण खाली घेतली आणि हात वर केला.

"हात खाली. प्रश्न शेवटी," बाई म्हणाल्या. त्यांचं लक्ष पाण्याकडे नव्हतंच. ओळ मोडत नाही ना, तिकडे होतं.

दुर्बीण शेजारच्याकडे गेली. त्याचाही हात वर. मग तिसरा, मग अख्खा वर्ग. राखणदाराचा ऊर भरून आला. इतकी जिज्ञासू पोरं या काठावर कधी आली नव्हती! त्याला कंठ फुटला. बगळ्याचं घरटं, बगळ्याची अंडी, पिल्लांना भरवणं, सगळं त्याने सावकाश, रंगवून सांगितलं. वर केलेले हात आणखी उंच होत होते. ओठ मिटलेलेच.

"हं, विचार आता," बाई अखेर म्हणाल्या.

दोन वेण्या हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. "बाई, बगळ्याखाली एक काका आहेत. चिखल त्यांच्या हनुवटीपर्यंत आलाय. त्यांनी पण शेवटीच बोलायचं का?"

पुढे नुसती पळापळ. ड्रायव्हरने बसमधला दोर आणला, राखणदार फळीवरून पोटाने सरपटत गेला, आणि बऱ्याच ओढाताणीनंतर दलदलीने लांबू परत केला. चपला आणि पँट मात्र ठेवून घेतली. लाकडी बगळा तिथेच रुतून राहिला.

"ओरडला का नाहीस, गाढवा?"

"तुम्हीच म्हणालात ना, मेलास तरी..." लांबू चिखल थुंकत म्हणाला.

राखणदाराने त्याला चिखलासकट पोटाशी धरलं. घरी कुणाला काय तोंड दाखवणार होता तो?

बाई पांढऱ्याफटक पडल्या होत्या. "पक्षी एक नाही, वर माणूस जाता जाता वाचला! कळवतेच मी कार्यालयाला. घाला म्हणावं भराव."

मुलं ओळीने बसमध्ये चढली. बस सुरू झाली.

आणि आभाळातून एक पांढरी रेघ अलगद उतरली. लाकडी बगळ्याशेजारी खरा बगळा येऊन उभा राहिला. माहेरचं माणूस भेटावं तसा मान वाकडी करून त्याच्याकडे बघू लागला.

राखणदार बसकडे वळला. ओरडावं तर बगळा उडेल, न ओरडावं तर बस जाईल. त्याने मुकाट्याने दोन्ही हात वर केले.

बसच्या मागच्या खिडकीतही एक हात वर झाला.

"हात खाली," बाई म्हणाल्या. मग त्यांनी मागे वळून पाहिलं आणि त्यांचा आवाज जरा मऊ झाला. "बिचारे टाटा करताहेत. बरं, करा सगळ्यांनी हात वर."

बसभर हात हलले. ड्रायव्हरलाही गहिवरून आलं. निरोप म्हणून त्याने लांबलचक हॉर्न दिला.

बगळा उडाला. लाकडी तेवढा उरला.