ऐला कार्विनेन बाईंनी मालिशीची सनद मिळविली ती हकीकत

सरोवरे, अरण्ये आणि सरकारी अर्ज या तिहींचा जो धनी, त्यास प्रथम दंडवत. मौजे हौकिसाल्मी, मुलूख फिनलंड, येथील समस्त ग्रामस्थांनी आज्ञा केली की मामला लिहून काढणे, ऐसे येथे लिहावयाचे; परंतु या मुलखी कोणी कोणास काही विचारीत नाही, आज्ञा तर दूरच, सबब लेखकाने आपले मर्जीनेच लेखणी उचलिली आहे. वाचणारांनी मान ताठ ठेवून वाचू नये. मान धरते, आणि धरल्यावर कोणाकडे जावे लागते तेच पुढे सांगणे आहे.

कागदाची गिरणी हेच आमचे राज्य होते. तिचे धुराडे दिसे तेथवर आमची हद्द, आणि तिचा भोंगा तोच आमचा चौघडा. ऐला कार्विनेन बाई, वय वर्षे एकोणपन्नास, या सव्वीस वर्षे त्या गिरणीत कागदाच्या गुंडाळ्यांवर होत्या. हत्तीएवढी गुंडाळी जागेवरून हलली तर बाईंचा तळवा तिजवर पडे आणि ती निमूट राही. मग एके वसंती दूरदेशीच्या मालकांचा खलिता आला की, गिरणी नफ्यात आहे हे खरे, परंतु पुरेशा नफ्यात नाही, सबब मोडीत काढिली असे. खलित्याचा कागद आमच्याच गिरणीचा होता. भोंगा बंद पडला, आणि दोनशे चाळीस असामी रोजगार-कचेरीपुढे रांगेत उभ्या राहिल्या, दोन-दोन हातांचे अंतर राखून.

तेथील अंमलदार वयाने तिशीचे, पाठीने साठीचे. त्यांनी बाईंचा कागद पाहिला, मग हात पाहिले, आणि हुकूम फर्माविला.

“तुमचे हात चांगले मजबूत आहेत. मालिशचा कोर्स करा. गिरणी परदेशात नेता येते, बाई, माणसांच्या पाठी कोण नेणार?”

बाई म्हणाल्या, “माणसं नेतील की.” परंतु अंमलदारांनी तोवर शिक्का मारिला होता.

येणेप्रमाणे मोहीम पडली. जिल्ह्याचे गावी विद्यालय, तेथे बसने सव्वा तासाची मजल, गुरू श्रीमती पिर्को. या गुरू बोलण्यात मऊ आणि गुण देण्यात कठोर. त्यांनी पहिलेच दिवशी जाहीर केले की, देहात सहाशेंहून अधिक स्नायू असून त्यांपैकी दोनशेंची नावे लॅटिन भाषेत मुखोद्गत पाहिजेत, आणि अखेरच्या परीक्षेपूर्वी तीस निरनिराळ्या माणसांच्या पाठी मळून त्यांच्या सह्या आणिल्या पाहिजेत. सव्वीस वर्षे टनांचा माल सांभाळलेल्या हातांस शेजाऱ्याचा खांदा धरावयास परवानगी लागावी, याचे बाईंस प्रथम नवल वाटले, मग राग आला, आणि मग त्यांनी पुस्तक उघडिले. पुस्तक पाच शेर वजनाचे.

लॅटिनने बाईंचे बहुत हाल केले. त्या नावे भांडी घासताना म्हणत, बसमध्ये म्हणत, आणि शेजारीण भेटता नमस्काराऐवजी एखादा स्नायू तोंडातून निसटे. परंतु लॅटिनहून बिकट मामला तीस पाठींचा. आमचे गावी दोन माणसे एका बाकावर बसली तर लग्न ठरले की काय ऐसी शंका येते. तेथे सदरा काढून परक्या बाईपुढे पालथे कोण पडणार? बाईंनी सहकारी दुकानात जाहीरनामा लाविला, खाली फोनच्या नंबराच्या चिठ्या कातरून ठेविल्या, की इच्छा होईल त्याने एक फाडून न्यावी. तीन आठवडे गेले आणि एकच चिठी फाटली. बाई हर्षित जाहल्या. तपास करिता कळले की डळमळते टेबल स्थिर करण्यास दुकानदारानेच ती घडी घालून पायाखाली दिली होती.

अखेर उरली ती घरची रयत, म्हणजे बाईंचे यजमान ओस्मो. हे सुतारकाम करीत, अंगाने ऐसपैस, स्वभावाने गरीब. गुरूंनी सांगितले होते की स्नायू देहावर रेखाटून पाठ करावे. मग बाईंनी ओस्मोंस स्वैपाकघराचे टेबलावर पालथे घातले, आणि फ्रीजरमधील बेरींच्या डब्यांवर साल लिहावयाचा जो काळा पेन, तो घेऊन मानेपासून पोटरीपर्यंत अवघा मुलूख आखून काढिला. सीमा, ठाणी, घाट, आणि प्रत्येकाचे लॅटिन नाव.

“गुदगुल्या होतायत गं.”

“हलू नकोस. कंबरेचा भाग वाकडा झाला तर मी नापास होईन.”

“आणि हे जाणार कधी?”

“अंघोळ केलीस की.”

हे खोटे ठरले. डब्यावरील अक्षर उणे वीस अंशात टिकते, ते साबणास काय दाद देणार? आणि दुसरे दिवशी शनिवार होता, ऑक्टोबरचा दुसरा, गावच्या शिकार मंडळाचा एल्कच्या, म्हणजे घोड्याएवढ्या हरणाच्या, शिकारीचा दिवस. शिकार जाहली म्हणजे तिसरे प्रहरी अवघे मंडळ तळ्याकाठच्या सौनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात, जमते, आणि सौनात कोणी कपडे घालून जात नाही. ओस्मोंनी डोके दुखण्याची सबब सांगून पाहिली. ती कोणी ऐकिली नाही.

अकरा असामी बाकांवर बसले होते. प्रस्तुत लेखक वरच्या बाकावर होता, सबब त्यास सर्व नीट दिसले. ओस्मो आत आले आणि तापल्या दगडांपाशी पाठ फिरवून उभे राहिले, हीच त्यांची चूक. दगडांवर पाणी पडले, वाफ उठली. मग खाटीक पेंट्टी पुढे वाकून ओस्मोंच्या कुल्ल्यावरचे एक-एक अक्षर लावीत वाचू लागला.

“ग्लु-टि-यस मॅ-क्सि-मस. हा कोण रे?”

“रोमन सरदार असेल कोणी,” दुसरा म्हणाला.

“मग त्याला बसायला बरी जागा दिलीय.”

तेव्हा जे हसू उठले त्याने खिडकीची काच थरारली. ओस्मो तांबडे जाहले, ते वाफेने की शरमेने हे सांगता येत नाही. त्यांनी एवढेच कळविले की, बायको परीक्षेस बसली आहे, तिला तीस पाठी पाहिजेत आणि तिजपाशी एकच आहे. हसू थांबले. गिरणीत सगळ्यांच्याच घरचे कोणी ना कोणी होते, आणि गिरणी गेल्यावर कचेरीने त्यांसही शाळेत धाडिले होते. परीक्षेस बसणे काय असते हे ज्यास त्यास ठाऊक होते.

मंडळाचे नायक ताइस्तो नित्तुला, वय वर्षे चौऱ्याहत्तर, कोपऱ्यात बसले होते. ते दिवशी सकाळी तीस पावलांवरचा एल्क त्यांचे समोरून चालत गेला आणि नायकांची बंदूक खांद्यापर्यंत उठली नाही. हे सर्वांनी पाहिले होते आणि कोणी बोलले नव्हते. नायकांनी बहुत वेळाने विचारिले, “खांद्याला काय म्हणतात त्यात?”

ओस्मोंनी दंड पुढे करून वाचून दाखविले, “डेल्टॉइड.”

“हं,” नायक म्हणाले. याउपर त्या विषयी खलबत जाहले नाही.

परंतु सोमवारी खाटीक पेंट्टी बाईंचे दारी आला, दोन वर्षांमागे नेलेला ड्रिल परत देण्यास. ड्रिल दिला आणि उभा राहिला. बाईंनी विचारिले, “कुठं दुखतंय?” तो म्हणाला, “कंबर.” मंगळवारी एकजण मासे घेऊन आला, बुधवारी एकजण रस्ता चुकला म्हणोन आला, जो त्याच रस्त्यावर जन्मला होता. मग त्यांच्या बायका आल्या, त्या मात्र सबब न सांगता आल्या. येणेप्रमाणे पाठ पाठीस लागून ठाणी सर होऊ लागली आणि नोव्हेंबरअखेर तीस सह्या पुऱ्या जाहल्या. ताइस्तो नित्तुला मात्र आले नाहीत.

मग परीक्षेचे बोलावणे आले, आणि त्यात बारीक अक्षरी कलम की, ज्याचे अंगावर परीक्षा द्यावयाची ती असामी उमेदवाराने आणावी, नात्यातील नसावी, आणि तिला खरोखरीचे दुखणे असावे. ओस्मो बाद जाहले. हे ऐकोन ते सुटकेचा श्वास टाकिते जाहले, तो बाईंनी ऐकिला. मग बाई पायी नायकांचे घरी गेल्या.

“ताइस्तो, गुरुवारी माझी परीक्षा आहे. तुमचा खांदा घेऊन याल का?”

“खांद्याला काही झालं नाहीये.”

“बरं. मग काही न झालेला खांदा घेऊन या.”

नायकांनी दार लोटून घेतले. परंतु गुरुवारी ते बसथांब्यावर इस्त्रीचा सदरा घालून उभे होते.

परीक्षकबाई लौरिला म्हणोन होत्या. त्यांची कीर्ती ऐसी की मागील साली नऊ उमेदवारांपैकी चार त्यांनी माघारी धाडिले, त्यांतील एक टॉवेल उलटा घातला म्हणोन. त्या कोपऱ्यात घड्याळ आणि पाटी घेऊन बसल्या, आणि शेजारी गुरू पिर्को, ज्यांस तोंड उघडण्याची मनाई होती. नियम ऐसा की, प्रथम पंधरा मिनिटांत दुखणाईताची विचारपूस करावी आणि त्याचे तोंडून दुखणे काढावे. दुखणे न निघाल्यास हात लावू नये, आणि हात न लाविल्यास सनद नाही. बाईंनी फॉर्म हाती घेतला.

“कुठं दुखतं?”

“कुठं नाही.”

“शून्य ते दहा, किती?”

“शून्य.”

“हात वर करताना?”

“करत नाही.”

लौरिला बाईंची लेखणी चालू लागली. चार मिनिटे गेली.  एक वर्ष, दोनशे नावे आणि तीस पाठी अशा एका म्हाताऱ्याचे ओठांपाशी येऊन अडल्या होत्या. पुस्तकात लिहिले होते की, अशा समयी प्रश्न बदलोन विचारावा. बाईंनी फॉर्म खाली ठेविला, हात मांडीवर घेतले आणि त्या गप्प बसल्या. पाच मिनिटे गेली, सात गेली. गुरू पिर्को यांनी डोळे मिटून घेतले. लौरिला बाईंनी घड्याळाकडे पाहिले, मग उमेदवाराकडे, मग परत घड्याळाकडे. अकरावे मिनिटी ताइस्तो नित्तुला भिंतीकडे पाहून बोलू लागले.

“केर्त्तूला उचलायचो मी. खाटेवरून खुर्चीत, रोज सकाळी. तेरा महिने. नगरपालिकेनं यंत्र देऊ केलं होतं, साखळीचं. ती म्हणाली, मला मालासारखं टांगू नका. मग मीच उचलायचो, या हातानं.”

बायकोविषयी एवढे सांगून ते थांबले. बाईंनी फॉर्म उचलिला नाही.

“वजन काही नव्हतं तिचं. शेवटी शेवटी तर काहीच नव्हतं. पण ती गेल्यापासून हा हात वर जात नाही. चार वर्षं झाली. सदरा घालताना आधी हा हात घालतो, मग तो. आठ.”

“काय आठ?”

“दहापैकी.”

बांध फुटला तो मग थांबेना. झोप कोणत्या कुशीवर येत नाही, कपाटातील वरचा कप चार वर्षे तेथेच कसा आहे, एल्क समोरून कसा गेला, हे सर्व त्या पुरुषाने सांगितले, ज्याने गिरणी बंद पडली तेव्हाही “बरं” एवढेच म्हटले होते. पंधरा मिनिटे उलटली, वीस उलटली. एकविसावे मिनिटी ते स्वतःच उठून, सदरा काढून टेबलावर पालथे पडले.

तेव्हा बाईंच्या हातांनी कूच केले. तेल तापवून पाठीवर मोर्चे लाविले, मानेखालचा घाट मोकळा केला, आणि खांद्याचे फऱ्यामागे जी गाठ दडून बसली होती तिजवर अंगठा ठेविला. घाई केली नाही. सव्वीस वर्षांचे वजन त्या अंगठ्यावर येऊन उभे राहिले, आणि गाठ प्रथम ताठ राहिली, मग थरथरली, मग वितळली. नायकांनी ऐसा श्वास सोडिला की पाटीवरील कागद हलला, निदान लौरिला बाईंनी तो हाताने दाबून धरिला. त्यांनी विचारिले, “आत्ता अंगठ्याखाली कोणता स्नायू आहे?”

नाव गेले. दोनशेंपैकी तेच गेले. बाईंनी डोळे मिटून स्वैपाकघरातील टेबलावरचे ओस्मो आठवले, उजवा फरा, त्यावरची मस, तिचे खाली तिरक्या ओळीत लिहिलेले अक्षर, आणि वाचिले, “इन्फ्रास्पिनेटस.”

काम आटोपले. ताइस्तो नित्तुला उठून बसले, भिंतीपाशी गेले, आणि खुंटीवरील आपला कोट त्यांनी उजवे हाताने काढिला. मग परत टांगिला. मग परत काढिला. हे तीन वेळा जाहले आणि त्यांस कोणी अडविले नाही.

लौरिला बाईंनी निकाल दिला तो अक्षरशः उतरून घेतला आहे : तंत्र उत्तम, विचारपूस सहा मिनिटे लांबली, सबब दोन गुण वजा, उमेदवार अनावश्यक गप्प राहिला, सबब आणखी एक. उत्तीर्ण.

बाहेर ओस्मो उभे होते. “काय झालं?”

“गप्प बसले म्हणून गुण कापले,” बाई म्हणाल्या, आणि भर रस्त्यात रडू लागल्या. आणि नायक, बस येईतोवर, त्यांचेपासून दोन हातांचे अंतर न राखता एकाच हाताच्या अंतरावर उभे राहिले.

डिसेंबरात राजधानीहून सनद आली. तीत लिहिले होते की, आजपासून बाईंनी मालिशकार म्हणविण्यास हरकत नाही. सहकारी दुकानाशेजारी जी रिकामी खोली, तेथे ओस्मोंनी टेबल ठोकिले, दर्शनी पाटी चढविली आणि दुसरे दिवशी सकाळी दुकान उघडिले. रात्रौ वीतभर बर्फ पडले होते. सायंकाळी लेखक मुद्दाम पाहावयास गेला, तो दर्शनी दारापुढील बर्फावर एकही पाऊल नव्हते, मांजराचेसुद्धा. मागील दारी मात्र, जेथे सरपण ठेवितात, चौदा जोडी बुटांनी ऐसी वाट तुडविली होती की खाली जमीन दिसत होती.

येणेप्रमाणे फत्ते जाहली, ती मौजे हौकिसाल्मीचे दप्तरी दाखल केली असे. लेखकाचा स्वतःचा समय बुधवारी सव्वाचारचा, मागील दाराने. बहुत काय लिहिणे.