उत्तरेला मीठ

श्री अन्नपूर्णेच्या चरणी मस्तक ठेवून, आमचे स्नेही भाऊसाहेब निमकर यांच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या निमित्ताने चार शब्द लिहितो. हा समारंभ गेल्या महिन्यात येथे अमेरिकेत, शॉमबर्ग गावी, रोझाबाईंच्या इटालियन खानावळीत पार पडला. देवीने अन्नाला कधी देश विचारलेला नाही. आपण तरी का विचारावा?

भाऊसाहेबांना ताटात उत्तर दिशा लागते. जेवणाऱ्यापासून दूरची कड ती उत्तर. तेथे मीठ. वायव्येला लिंबू, पश्चिमेला कोशिंबीर, पूर्वेला भाजी, मध्ये भात. रचना आपल्या परंपरेतल्या पानाचीच. परंतु तिला दिशांची नावे देणारा दुसरा गृहस्थ माझ्या पाहण्यात नाही. नागपूरच्या पाटबंधारे खात्यात आयुष्यभर नकाशे काढल्याचा हा परिणाम असावा, असे आम्ही समजत असू.

"पान म्हणजे नकाशा आहे, शास्त्रीबुवा," ते मला सांगत. "नकाशा चुकला की माणूस उपाशी राहतो."

दर शनिवारी दुपारी भाऊसाहेब, त्यांच्या पत्नी सुधावहिनी आणि मी असे तिघे रोझाबाईंकडे जेवतो. त्यांचा मुलगा नितीन आम्हांला गाडीने नेतो आणि सोबत बसतो. खानावळ तीन पिढ्यांची. स्वयंपाक रोझाबाईंचा, वाढणे नातीचे. चातुर्मासात मी कांदा-लसूण वर्ज्य करतो हे कळल्यावर रोझाबाईंनी लगेच माझ्यासाठी लोण्यातला पास्ता सुरू केला. त्यांचेही उपवासाचे दिवस असतात, त्यामुळे त्यांना फार समजावावे लागले नाही.

भाऊसाहेबांचे मात्र पहिल्याच दिवशी वाजले. इटालियन रीतीने आधी सूप येते, मग पास्ता, मग भाजी. भाऊसाहेबांनी सगळे एकदम, एका मोठ्या ताटात मागितले. रोझाबाई एप्रनला हात पुसत बाहेर आल्या आणि ही खानावळ सुरू झाल्यापासून येथे सूप आधीच येते, असे त्यांनी इंग्रजीत बजावले. भाऊसाहेबांनी खिशातले पेन काढले. टेबलावर अंथरलेल्या कागदावर एक वर्तुळ काढले, वर उत्तरेचा बाण काढला आणि आठही दिशा भरल्या. रोझाबाईंनी नकाशा पाहिला. मग बराच वेळ सुधावहिनींकडे पाहिले. कागदाचा तेवढा तुकडा फाडून, घडी घालून त्यांनी एप्रनच्या खिशात ठेवला आणि त्या आत गेल्या.

पुढच्या शनिवारपासून नवराबायकोची दोन्ही ताटे नकाशाबरहुकूम येऊ लागली. भाऊसाहेब जिंकले असे मी मानले. एवढेच नव्हे, तर येथल्या मराठी मंडळाच्या सभेत मी या विषयावर पाऊण तास बोललो. परक्या देशात पानाची मर्यादा राखणारा पुरुष म्हणून त्यांचा गौरव केला. ते खाली मान घालून ऐकत होते. मी तो विनय समजलो.

ताट आले की भाऊसाहेब स्टेशनावरच्या घोषणेच्या सुरात सांगत, "उत्तरेला मीठ. वायव्येला लिंबू. पूर्वेला वांगं, गरम आहे, जपून." शेजारच्या टेबलांवरची मंडळी वळून पाहत.

"बाबा, प्लीज. लोक बघतायत," नितीन म्हणे.

"बघू देत. त्यांना वेगळं बिल लागत नाही."

"अहो, धरण नाहीये हे, वांगं आहे," एवढे बोलून वहिनी शांतपणे जेवू लागत.

समारंभाच्या आदल्या आठवड्यात नितीनने वडिलांना निर्वाणीचे सांगितले. ऑफिसचे लोक येणार आहेत, त्या एका दिवशी तरी नकाशा नको. नाहीतर शनिवारचे जेवणच आपण बंद करू. भाऊसाहेबांनी एकवार वहिनींकडे पाहिले आणि ते "बरं" म्हणाले.

समारंभाला तीसेक माणसे होती. औक्षण झाले. गळ्यात हार घातलेले भाऊसाहेब दालनाच्या एका टोकाला नितीनशेजारी बसले. दुसऱ्या टोकाला वहिनी आणि मी. रोझाबाईंनी वहिनींचे ताट स्वतः आणून ठेवले. पास्त्यावर बेझिलचे पान होते. तुळशीच्या त्या भावंडाला मी दर वेळी मनोमन नमस्कार करतो. ते पान फोटोत नीट यावे म्हणून वहिनींच्या सूनबाईंनी ताट उलटे फिरवले, फोटो काढला आणि त्या पुढे गेल्या.

नितीन माइकवर वडिलांविषयी इंग्रजीत बोलत होता. वहिनींचा हात मिठासाठी उत्तरेला गेला आणि बोटे थेट तांबड्या सॉसमध्ये बुडाली. हात थांबला. मग रुमालात लपला. चेहऱ्यावरचे हसू तसेच राहिले, पण जेवण थांबले.

तेवढ्यात भर भाषणात, हारासकट, भाऊसाहेब उभे राहिले.

"सुधा, आज मीठ दक्षिणेला आहे. वांगं पश्चिमेला."

सारे दालन हसले. नितीनची मान खाली गेली. मी चकित झालो. मिठाला उत्तर सोडू न देणारा हा माणूस! आणि मग पाहिले: वहिनींच्या बोटांनी जवळच्या कडेवरची मिठाची चिमूट अचूक उचलली. तेथून आग्नेयेला जाऊन लिंबाची फोड घेतली. डोळे मात्र आवाज आला त्या दिशेला स्थिर होते. माझे पाऊण तासाचे भाषण मला आठवले आणि लाज वाटली.

नितीननेही पाहिले होते. माइक ठेवून तो आला आणि आईच्या खुर्चीपाशी खाली बसला.

"आई, तुला किती दिसतं?"

"सावल्या दिसतात. पण आधी कबूल कर, माझा गॅस बंद करायचा नाहीस."

नजर अधू आहे एवढेच नितीनला ठाऊक होते. हे दोघे मुलाच्या घराजवळ स्वतंत्र अपार्टमेंटमध्ये राहतात, आणि तेथे प्रत्येक डब्याची जागा हाताला पाठ असल्यामुळे वहिनी अजून स्वयंपाक करतात. मुलाला सगळे कळले, तर तो आपल्याला घरी नेऊन नुसते बसवून ठेवील, ही त्यांची धास्ती. म्हणून त्यांच्या यजमानांनी तीन वर्षे स्वतःला चक्रम म्हणवून घेतले होते.

"ओके, आई," नितीन म्हणाला. 

तुम्हांला हे कधी कळले, असे मी रोझाबाईंना नंतर विचारले. "फर्स्ट डे," असे म्हणून त्या माझ्यासाठी आणखी पास्ता आणायला गेल्या.

हे लिहायला वहिनींनीच अनुमती दिली. अट एकच: यांना खुशाल चक्रम म्हणा, बिचारे म्हणू नका.

गेल्या शनिवारी घोषणा नितीनने केली. "उत्तरेला मीठ. वेस्टला, सॉरी, पश्चिमेला वांगं."

"पूर्वेला," वहिनी म्हणाल्या. त्यांचा काटा तेथे आधीच पोहोचला होता.

भाऊसाहेबांनी चूक सुधारली नाही. त्या दिवशी प्रथमच त्यांनी आपल्यापुरते सूप आधी मागवले होते. डोळे मिटून ते गरम गरम पीत बसले होते.

वाचकहो, अन्नपूर्णा आपल्या घरी अखंड नांदो. आपल्या ताटात मीठ आपल्या जागी असो. आणि कधी ते जागेवरून हललेच, तर ते कुठे आहे हे भर सभेत उठून सांगणारे माणूस आपल्या घरात असो. शुभं भवतु.