दोन हजार कोटी जंतू

"पंधरा दिवस! पंधरा दिवसांत ही अर्धशिशी चंबूगबाळं आवरून गेली नाही, तर नाव बदलेन!" मी बायकोला ठणकावून सांगितलं.

गेली बारा वर्षं माझ्या डोक्याच्या डाव्या बाजूला कोणीतरी सुतारकाम काढून बसलंय. त्यात माझा धंदा मुद्रितशोधनाचा. म्हणजे दिवसभर बारीक अक्षरांत चुका शोधायच्या. सारखी रजा घेतो म्हणून साहेब वैतागले होते. "पुढच्या खेपेला डोकं घरी ठेवून या!" असं त्यांनी बजावलं होतं.

अशात एका आरोग्यविषयक लेखाची प्रुफं माझ्याकडे आली. आतड्यातले चांगले जंतू वाढवा, कदाचित डोकं शांत होईल! 'याबाबत अजून संशोधन सुरू आहे' या वाक्यातल्या 'सुरू'चा उकार मी दुरुस्त केला आणि अर्थ सोडून दिला. त्याच संध्याकाळी कॅप्सूलची बाटली आणली. फ्रिजमध्ये ठेवायची होती.

"काय आहे त्यात?" बायको म्हणाली.

"दोन हजार कोटी जिवंत जंतू."

"जिवंत? आणि माझ्या दुधाशेजारी? अहो, शुद्धीवर आहात ना?"

म्हणून बाटली ऑफिसच्या फ्रिजमध्ये गेली. आमच्याकडे फ्रिजमधली वस्तू दुपारपर्यंत टिकत नाही, म्हणून ती डब्यात घातली आणि वर चिठ्ठी चिकटवली : 'सावधान! जीवंत जंतू. दोन हजार कोटी. उघडू नये.' मग निर्धास्तपणे छापखान्यात गेलो. जेवणानंतर पहिली गोळी घ्यायचा बेत होता.

दोन तासांनी परतलो, तर अख्खं ऑफिस रस्त्यावर! डीटीपीवाल्या बाई नाकाला पदर लावून उभ्या. शिपाई सारखा स्वतःची नाडी बघत होता.

"काय झालं?"

"अहो, फ्रिजमध्ये कोणीतरी रोगाचे जंतू ठेवलेत!" बाई ओरडल्या. "साहेब त्याच फ्रिजमधलं पाणी प्यायलेत! दोनदा खोकले!"

"अरे बापरे! कोण हा नालायक?" मी तावातावाने म्हणालो. "असल्या माणसाला उभं करू नये दारात!"

एवढं बोलून झाल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. नको तितका पडला.

तेवढ्यात आरोग्य खात्याची गाडी आली. पांढऱ्या पोशाखातले दोघेजण आत शिरले, आणि उग्र औषधाचा असा काही फवारा मारला की झुरळंसुद्धा रांगेने बाहेर आली! मग त्यांच्यातला अधिकारी चिमट्यात डबा धरून आला. "हे अक्षर कोणाचं?"

सगळे चिठ्ठीवर वाकले. मी आभाळाकडे बघू लागलो.

"अक्षराचं सोडा," बाई सावकाश म्हणाल्या. "इथे 'जीवंत'मधली दीर्घ वेलांटी लाल पेनाने खोडून ऱ्हस्व केलीय. समासात खूणसुद्धा आहे."

पन्नास डोळे माझ्याकडे वळले. स्वतःच्या धमकीचं प्रूफ तपासणारा माणूस आमच्या ऑफिसात एकच आहे!

अधिकाऱ्याने डबा उघडला, बाटलीवरचं वाचलं आणि कपाळावर हात मारला. "अहो, हे पोटासाठीचे जंतू! यांच्या जातीचे दह्यातसुद्धा असतात! यासाठी आम्हाला बोलावलंत?" फवारा बाटलीच्या आतपर्यंत पोचला होता. डब्याचं आणि बाटलीचं, दोन्ही झाकणं मीच सैल लावली होती. दोन हजार कोटी जीव जागीच गेले!

साहेब नाकावर रुमाल धरून तडक घरी निघून गेले. मला वाटलं, नोकरी गेली.

दुसऱ्या दिवशी शिपाई म्हणाला, "साहेबांनी आत बोलावलंय." केबिनमध्ये पडदे ओढलेले, दिवा बंद. साहेब डोक्याला ओला रुमाल बांधून बसले होते.

"दार लावा. हळू!" ते कुजबुजले. "त्या औषधाच्या वासाने कालपासून डोकं उठलंय. मलाही अर्धशिशी आहे हो, वीस वर्षांची. कोणाला सांगितलं नाही. लोक म्हणतात, साहेब नाटकं करतात."

मी खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसलो.

"खरं सांगा," त्यांनी माझा हात धरला. "त्या गोळ्यांनी तुम्हाला कितपत गुण आला?"

आता काय सांगणार! मी पोटातली आतडी, डोक्याच्या शिरा आणि संशोधन यांवर दहा मिनिटं बोललो. साहेब डोळे मिटून ऐकत होते. शेवटी मला राहवलं नाही.

"साहेब, मी अजून एकही घेतलेली नाही."